एका झाडाचं जंगल

त्या सिनेमात एकच झाड होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते सगळं त्या झाडामुळे झालं. महाडात अजून काही लोक म्हणतात की ते माझ्या भोंग्यामुळे झालं. त्यांचं त्यांना लखलाभ.

सिनेमा चित्रांचा होता. नट नाहीत, नटी नाहीत. हातानं काढलेला वाघ, हातानं काढलेलं पोर, आणि ती चित्रं एकेक करून कॅमेऱ्यानं अशी टिपलेली की पडद्यावर वाघ चालतो, पोर पळतं. हा उद्योग करत होते मी शिकले त्या शाळेचे ड्रॉइंगमास्तर. ते पूर्वी मुंबईत जाहिरातींच्या कंपनीत होते. साबणाच्या वडीला हातपाय फुटतात आणि ती नाचत नाचत मोरीत जाते, असल्या फिल्मांची चित्रं त्यांनी ढिगानं काढलेली. मग वडील आजारी पडले, मास्तर गावी आले आणि शाळेत पोरांना आंबा, लोटा आणि सुरई काढायला शिकवू लागले. पण ती नाचणारी वडी काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही.

इंग्रजीच्या पुस्तकात आम्हा सगळ्यांना एक जुनी जंगलाची गोष्ट होती. एक पोर रानात चुकतं, जनावरांच्या संगतीनं राहतं आणि शेवटी वाट काढून माणसांत येतं. ती गोष्ट मास्तरांना चित्रांत करायची होती. कशासाठी, तर डोंगरातल्या ज्या वाड्यांवर सिनेमा म्हणजे काय ते ठाऊक नाही, तिथल्या मुलांसाठी. हे ऐकलं आणि मी त्यांच्या बाजूची झाले. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि कुणाच्या तरी बाजूची झाल्याशिवाय मला जेवण जात नसे.

मास्तरांची बिनपगारी रजा जूनपर्यंत होती. कॅमेरा मुंबईच्या जुन्या दोस्ताचा, उसना. आणि कच्ची फिल्म गोष्ट निम्मी होईतो संपली. ती परवान्याशिवाय बाजारात मिळत नव्हती. मिळाली तर शिक्षण खात्याकडून, आणि शिक्षण खातं म्हणजे आमच्याकडे दिपोटी. शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटीसाहेबांना आमच्या भागात सगळे दिपोटीच म्हणतात. दिपोटींनी कबूल केलं होतं की उन्हाळ्यात महाडला येतो, झालंय तेवढं बघतो. पसंत पडलं तर उरलेल्या गोष्टीसाठी फिल्म देण्याची शिफारस करतो, आणि मग सिनेमा खात्याच्या गाडीतून गावोगाव. नाही पसंत पडलं तर मास्तर परत आंब्या-लोट्याकडे, कॅमेरा मुंबईला, आणि पोर कायमचं रानात. मास्तर याच क्रमानं सांगायचे, आणि त्यातलं शेवटचंच त्यांना जास्त लागायचं.

"बाकी काय व्हायचं ते होवो," म्हणायचे, "पण पोराला तिथं टाकून कॅमेरा परत कसा करू?"

आता झाडाचं. सिनेमात पोर चालतं तेव्हा खरं तर ते जागच्या जागी पाय हलवतं आणि मागून रान सरकतं. रान म्हणजे रंगवलेल्या कागदाची लांब पट्टी. मास्तरांनी पट्टीची दोन टोकं एकमेकांना चिकटवली आणि ती टेबलाच्या दोन कडांना बसवलेल्या लाटण्यांवर चढवली. लाटणं फिरवलं की रान फिरतं. टेबल शाळेच्या मोडीतलं, लहान. त्यावर एक टेकडी, थोडी झुडपं आणि एक झाड एवढंच मावलं. त्यामुळे पोर पुढे जायचं, टेकडी यायची, झुडपं यायची, झाड यायचं, आणि मग परत टेकडी. झाडही असं की एका अंगाला वाकलेलं, बुंध्याला मोठी ढोली. एकदा बघितलं की विसरायचं नाही. मी म्हटलं होतं, निदान ढोली तरी पुसा. मास्तर म्हणाले, ढोलीतच तर झाडाचा जीव आहे.

चित्रं काढायला पारदर्शक कागद लागतो, तो कुठला मिळायला. मास्तरांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून दवाखान्यांचे टाकाऊ एक्स-रे आणले होते. ते सोड्याच्या पाण्यात धुऊन, घासून त्यावर वाघ काढायचा. काही नीट धुतले गेले नव्हते. म्हणून एका जागी वाघ वळला की त्याच्या पोटात कुणा मुंबईकराच्या बरगड्या दिसायच्या. पोराला उलट्या दिशेनं चालवायचं असलं तर तेच चित्र पालथं ठेवायचं, त्यामुळे पोराच्या सदऱ्याचा खिसा कधी या छातीवर, कधी त्या. मी हेही बोलले. मास्तर म्हणाले, "वाघ बघताना खिसा कोण बघतंय."

पोलादपूरनं बघितला.

पण त्याआधी मी या भानगडीत कशी पडले ते सांगायला हवं. सिनेमाला आवाज नव्हता. पडद्याशेजारी उभं राहून कुणीतरी गोष्ट सांगायची होती. मास्तर म्हणाले, भोंगा तुझ्याकडे आहे, आवाज तुझ्याकडे आहे आणि शब्दांचा दुष्काळ तुला कधी पडलेला नाही. तिन्ही खरं होतं. मी आमच्या तरुण मंडळाची पत्रकं लिहीत असे आणि बाजाराच्या दिवशी पत्र्याच्या भोंग्यातून ती वाचून दाखवत असे. त्या उन्हाळ्यात आमची दोन पत्रकं चालू होती. एक रस्त्याचं. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांना रस्ता देणार म्हणून मोजणीवाले यायचे, चुना फासलेले दगड पुरून जायचे, आणि पुढच्या साली येऊन पुन्हा तेच दगड मोजायचे. त्या पत्रकाचा मथळा मीच दिला होता: डोंगरातल्या जनतेची दिशाभूल. दिशाभूल हा माझा आवडता शब्द. तो नसेल तर पत्रक मला अळणी लागायचं.

दुसरं पत्रक चकव्यावर. रानातून येताना माणूस वाट चुकतो, चालून चालून परत त्याच झाडापाशी येतो, आणि म्हणतो मला चकवा लागला. रानातलं काहीतरी त्याला गोल फिरवतं म्हणे. मग भगत येतो, कोंबडं घेतो आणि चकवा बांधतो. मला याची चीड होती आणि अजून आहे. मी ठणकावून लिहिलं की चकवा नावाचं काही नसतं. माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जोरात पडतो म्हणून तो गोल फिरतो. चकवा हे भूत नव्हे, ती निव्वळ दिशाभूल. म्हणजे दोन्ही पत्रकांत शब्द एकच. तेव्हा मला ते फार जमून आल्यासारखं वाटलं होतं.

सिनेमाची गोष्टही मी याच हातानं लिहिली. पहिलंच वाक्य होतं, 'अज्ञानाच्या घनदाट अरण्यात हा बालक एकाकी उभा आहे.' मास्तर म्हणाले, "बालक नको, पोर म्हण. आणि अरण्य घनदाट आहे हे सांगू नकोस, लोकांना दिसणार आहे." मी पहिलं ऐकलं, दुसरं नाही.

दिपोटींच्या आधी एकदा पोलादपुरात दाखवून बघू, असं मीच म्हटलं. ज्यांच्यासाठी करायचं त्यांना आधी दाखवा, हे तत्त्व. महाडचे एक ट्रकवाले चाचा होते. त्यांच्या गाड्या कशेडीचा घाट चढून रत्नागिरीकडे जायच्या. त्यांचा पुतण्या बोटीवर होता, त्यानं आणलेलं सिनेमाचं छोटं मशीन चाचांच्या घरी धूळ खात पडलेलं. चाचांनी मशीन दिलं, गाडीत घालून पोलादपूरला पोचवलंही. तिथे एक भाताची गिरण उन्हाळ्यात बंद होती. तिच्या इंजिनाला डायनॅमो जोडून मशीन चालवायचं ठरलं. खिडक्यांना ट्रकच्या ताडपत्र्या बांधून अंधार केला. बाजाराचा दिवस, टळटळीत दुपार. आत कोंड्याचा वास आणि इंजिनाची धडधड. बाजार करून परत निघालेली डोंगरातली माणसं टोपल्या, घोंगड्या, कोंबड्यांसकट आत येऊन बसली.

मी भोंगा तोंडाला लावला आणि अज्ञानाच्या अरण्याला सुरुवात केली. इंजिनापुढे काही ऐकू जात नव्हतं. गेलं असतं तरी कुणी ऐकत नव्हतं. वाघ आला तेव्हा पुढची बायामाणसं मागे सरकली. बरगड्या दिसल्या तेव्हा एक म्हातारा कळवळून म्हणाला, "उपाशी हाय बिचारा." पोर पळालं. टेकडी आली, झुडपं आली, झाड आलं. इथे पुरुषांच्यात वाद लागला की ऐन आहे का किंजळ. मास्तरांनी ते झाड इंग्रजी पुस्तकातल्या चित्रावरून काढलं होतं, त्यामुळे ते ऐन नव्हतं आणि किंजळही नव्हतं. वाद मिटायच्या आत झाड परत आलं.

ऐन-किंजळ तिथेच सुटलं, सगळे पडद्याकडे वळले. नुसतं इंजिन.

झाड तिसऱ्यांदा आलं तशी पुढे बसलेली एक बाई उठून उभी राहिली. डोक्यावर रिकामी टोपली तशीच. वरच्या वाडीवरची होती. तिचा दीर सीझनला वर महाबळेश्वर-पाचगणीला हमाली करायचा, त्यामुळे तिला स्वतःला खूप जग माहीत आहे असं ती मानायची. ती सगळ्यांकडे वळून म्हणाली, "ढोलीचंच झाड हाय. चकवा लागला पोराला."

मग कुणालाच काही समजावून द्यावं लागलं नाही. सगळी गिरण त्या पोराला वाट सांगायला लागली. खाली बस रे, चालू नको. पाण्याच्या आवाजानं जा. आंगरखा उलटा घाल. आमच्याकडे म्हणतात की चकव्यात सापडलं तर अंगातलं कापड उलटं करून घालावं, म्हणजे रान ओळखत नाही आणि सोडतं. नेमकं त्याच वेळी पोर माघारी वळलं. म्हणजे मास्तरांचं चित्र पालथं झालं आणि खिसा डावीकडून उजवीकडे गेला.

"केला," एक जण ओरडला. "उलटा केला आंगरखा त्यानं."

मी भोंग्यातून सांगत होते की मित्रहो, हे पोर विवेकाच्या प्रकाशात, वगैरे. माझ्या बाजूला बसलेल्या माणसानं माझा पदर ओढून मला गप्प बसायला सांगितलं.  टेकडी आली. झुडपं आली. आणि परत तेच झाड, तीच ढोली.

असा सुस्कारा मी कुठल्या सभेत ऐकलेला नाही. मी रस्त्याबद्दल बोलत होते तेव्हा तर नाहीच.

तिथेच फिल्म संपली आणि पडदा पांढरा झाला. माणसं उठेनात. ती टोपलीवाली बाई मशीनपाशी आली. मला वाटलं मशीन बघायला आली. ती मास्तरांवर चिडली होती.

"आन् पोर?" तिनं विचारलं. "त्याला आसाच सोडून चाललात?"

मास्तर म्हणाले, फिल्म संपली, दिपोटींनी दिली तर पुढचं करू. तिला त्यातलं दिपोटी तेवढं कळलं. "मंग जावा की त्या दिपोटीकं," ती म्हणाली. "हितं काय करताव?"

परतताना चाचांच्या ट्रकमध्ये आमचं भांडण झालं. मास्तर इतके खूश होते की त्यांना बसवत नव्हतं. म्हणत होते, महिनाभर मी झाडाची चिंता करतोय आणि यांनी एका शब्दात झाडाचं कोडं सोडवलं. आता गोष्टीत चकवा घाल. दिपोटींसमोर सरळ सांग की पोराला चकवा लागलाय, म्हणून झाड परत येतंय.

मी म्हटलं, मेले तरी सांगणार नाही. ज्या पोलादपुरात मागच्या बाजाराला मी ओरडून सांगितलं की चकवा नसतो, तिथेच भोंग्यातून सांगू की असतो? सिनेमा दाखवून भगतांची दुकानं चालवायची का? आणि मुळात ते खोटं आहे. पोराला चकवाबिकवा काही लागलेला नाही, तुमचं टेबल लहान आहे.

"टेबलावर एकच झाड मावतं," मास्तर म्हणाले. "त्याला मी काय करू? पण पोर तर खरंच हरवलंय ना? गोष्टीतच हरवलंय. मग पुढारीणबाई, तुमच्या पत्रकात त्याला काय म्हणतात?"

"दिशाभूल."

"मग दिशाभूल म्हणा. पण काहीतरी म्हणा. झाड परत का येतंय हे लोकांना कळलं पाहिजे."

मी कबूल झाले. त्यात तत्त्वाला बाध येत नव्हता. चाचा गाडी हाकता हाकता सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले की बाय, कशेडीत आमचा एक ड्रायव्हर धुक्यात गाडी फिरवून परत खालीच आला होता. त्याला यातलं काय झालं होतं? मी म्हटलं, झोप लागली असेल. चाचा म्हणाले, हां, तेही असेल.

दिपोटी आले ते महाडात चाचांच्या गोदामात. तिथे वीज होती, पंखाही होता. दिपोटी पुढच्या खुर्चीवर, शेजारी मुख्याध्यापक, त्यांच्यामागे शिक्षक, व्यापारी, आणि सगळ्यात मागे आमचं मंडळ झाडून हजर. मास्तर मशीनपाशी. सदरा नवा घातला होता आणि खिशाला हात लावून लावून तो मळवत होते.

या वेळी इंजिन नव्हतं. माझा प्रत्येक शब्द ऐकू जात होता, आणि तोच घोटाळा झाला.

झाड दुसऱ्यांदा आलं तसं मी स्पष्ट, खणखणीत म्हटलं, "आणि इथे या पोराची दिशाभूल झाली."

मागून टाळ्या पडल्या. आमच्या मंडळाच्या. मला क्षणभर कळेचना की टाळ्या कशाला. मग झाड तिसऱ्यांदा आलं आणि मागून कुणीतरी म्हणालं, "चुन्याचे दगड मोजा रे, दगड." हशा पिकला. सगळ्या महाडानं रस्त्याचं पत्रक वाचलेलं होतं, ते मीच घराघरांत टाकलेलं. दिशाभूल म्हटलं की सरकार, आणि परत तिथेच येणं म्हटलं की वाड्यांचा रस्ता. आता त्यांना सगळंच दिसायला लागलं. पोर म्हणजे जनता. झाड म्हणजे मोजणीचा दगड. वाघ वळला, बरगड्या दिसल्या, तर व्यापाऱ्यांच्यातून आवाज आला, "खात्याचा माणूस दिसतोय, पगार झालेला नाय." पोराचा खिसा या बाजूचा त्या बाजूला गेला तर एक शिक्षक, एरवी तोंडातून अक्षर न काढणारे, म्हणाले, "खिसा कापला."

खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. माझं पत्रक वाचून कधी कुणी एवढं हसलं नव्हतं, एवढं समजून घेतलं नव्हतं. मग मी मास्तरांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. दिपोटींच्या मानेकडे बघत होते. ती मान हलत नव्हती.

दिपोटींनी हात वर केला. मशीन थांबलं. वाघ पोटातल्या बरगड्यांसकट पडद्यावर अडकून राहिला, आणि फिल्म जळेल म्हणून मास्तरांनी घाईघाईनं दिवा विझवला.

"हा मुलगा कोण?" दिपोटींनी मला विचारलं.

मी म्हटलं मुलगा म्हणजे मुलगाच. गोष्टीतला.

"आणि वाघ?"

मी म्हटलं वाघ.

"मी शाळा तपासतो," ते म्हणाले. "मला धडा कशावरचा आहे ते कळतं. माझ्याच खात्याच्या गाडीतून सरकारची टिंगल गावोगाव न्यायची, असा विचार आहे का?"

मास्तर म्हणाले, "साहेब, टेबल लहान होतं." त्यांच्या जन्मात ते याहून खरं काही बोलले नसतील. कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. मागचे तर परत हसले.

दिपोटी उठायला लागले. खुर्चीचा आवाज झाला. एवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मला आज लावून सांगता येत नाही. एक तर मी खोटं बोलत नव्हते; मी दिशाभूल म्हटलं होतं ती पोराचीच. पण ते टाळ्या वाजवणारे तरी कुठे खोटे होते? रस्त्याचंही तसंच होतं. आणि सरकारची टिंगल करायची नाही हे यांना कुणी सांगितलं? त्यावर मला भांडायचं होतं. तयार वाक्यं होती. पण मी भांडले की पोर रानात राहणार, हे मला मास्तरांच्या नव्या सदऱ्यावर दिसत होतं. दिशाभूल सोडून दुसरा कुठलाच शब्द मला सुचेना. म्हणजे एक सुचत होता.

"साहेब," मी म्हटलं, "त्याला चकवा लागलाय."

भोंगा तोंडालाच होता, हे माझ्या लक्षात नव्हतं. गोदामभर ऐकू गेलं. मागे मंडळात कुणाच्या तरी हातातलं माझंच पत्रक खाली पडलं की काय असं मला वाटलं. पडलं नसेल.

दिपोटी अर्धे उठलेले तसेच थांबले. "काय लागलाय?"

"चकवा."

ते मूळचे कुठले ते मला तोवर माहीत नव्हतं. शहरी बोलायचे. पण ते खाली बसले, चष्मा काढला आणि अंधारातल्या पडद्याकडे वळून अगदी निराळ्या आवाजात, कुणी घरातलं माणूस उशिरा आलं की विचारतात तसं म्हणाले, "मग आंगरखा उलटा का नाही घालत?"

मास्तर मशीनपाशी उभ्यानंच म्हणाले, "घालतो ना साहेब. खिसा बघा तुम्ही."

परत पहिल्यापासून दाखवावा लागला. मी भोंगा घेतलाच नाही. दिपोटी मधूनमधून शेजारच्या मुख्याध्यापकांना सांगत होते की आता बघा, ढोली येईल. आणि ढोली यायची. मागे अजून कुणीतरी दगडांचं काही बोलत होतं, पण आता त्याला बाकीचे गप्प करत होते.

शिफारस मिळाली. दोन अटींवर. एक, दिशाभूल हा शब्द कुठेही येता कामा नये. दुसरी, खात्याचा सिनेमा असल्यामुळे शेवटी एक पाटी टाकायची: चकवा ही केवळ समजूत आहे. पाटीचा मजकूर मी लिहावा असं दिपोटींनीच सुचवलं, कारण तुम्हाला या विषयाची माहिती दिसते, म्हणाले. ते चेष्टा करत होते का, मला अजून सांगता येत नाही.

मंडळाची बैठक झाली. माझ्याकडे खुलासा मागितला. मी खुलासा दिला, तो चांगला तासभर चालला असेल, आणि शेवटी आमच्यातला सगळ्यात कमी बोलणारा म्हणाला, "म्हणजे थोडक्यात तुझीच दिशाभूल झाली." मी त्याच्याशी पुढचे कित्येक दिवस बोलले नाही. कारण एक तर ते चूक होतं. आणि माझा शब्द माझ्यावर वापरायचं त्याला काही कारण नव्हतं. मी विकली गेले नाही, घाबरले नाही. मी एका रानातल्या पोरासाठी एक शब्द बदलला. पण ते पोर तर कागदाचं होतं, असं कुणी म्हटलं की मला उत्तर सुचत नाही. आणि तो रस्ता कागदाचाच आहे, असं मी म्हणते तेव्हा त्यांना सुचत नाही.

मास्तरांची रजा वाढली. फिल्म आली. त्यांनी नवी पट्टी केली, दुसरं झाड काढलं. या वेळी सरळ आंब्याचं, कैऱ्यांनी लगडलेलं, म्हणजे पुन्हा वाद नको. पुढच्या उन्हाळ्यात त्याच गिरणीत, त्याच इंजिनावर, खात्याची गाडी यायच्या आधी आम्ही पुरा सिनेमा दाखवला. गेल्या वर्षीची माणसं तर होतीच, शिवाय त्यांनी आणलेली. पोर ढोलीच्या झाडापाशी बसलं. सदरा काढला, उलटा केला, शिवण दिसेल असा नीट काढलेला. घातला. उठलं. टेकडी आली. झुडपं आली. आणि आंबा आला.

त्या गिरणीत जे झालं ते मी इथे लिहीत नाही, मला ते पत्रकाच्या भाषेत येतं आणि ते तसं नव्हतं. पोर रस्त्याला लागलं. रस्त्यावरून चाचांचा ट्रक आला, त्यालाही टाळी पडली. मग पाटी आली. गिरणीत वाचता येणारे थोडे, म्हणून मला भोंगा घेऊन वाचावीच लागली. इंजिनाच्या वर आवाज काढून मी वाचलं की चकवा ही केवळ समजूत आहे, तो नसतो.

टोपलीवाली बाई पुढेच होती. माणसं बाहेर पडायला लागली तशी ती माझ्याकडे आली. चिडलेली नव्हती. पोर सुटल्यामुळे तोंड नुसतं फुललं होतं.

"काय गो बाय," ती म्हणाली, "चकवा नाय म्हनतेस, मंग पोर सुटला कशातनं?"

एका पायाचा जोर, दुसऱ्या पायाचा जोर, हे सगळं माझ्या तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. समोर मास्तर पडदा उतरवत होते. वर्षभर मी ज्याच्या त्याच्याशी भांडले होते आणि त्यात खरं म्हणून जे होतं ते एवढंच होतं, म्हणून मी तेच सांगितलं.

"टेबलातनं, मावशी."

तिनं टोपली या काखेतून त्या काखेत घेतली आणि जरा विचार केला.

"पाचगणीवरल्या?"

पाचगणीला वर मोठं सपाट पठार आहे, त्याला टेबल लँड म्हणतात. तिचा दीर सीझनला तिथेच हमाली करतो. मी काही बोलायच्या आत ती मान डोलवायला लागली होती.

"मंग बरोबर हाय. माझा दीर चुकला होता तिथं धुक्यात. नुसता उघडा माळ गो. फिरून त्याच जागी आलाव का नाय, ते वळखायचं कशावरनं?" ती निघाली, दारात थांबली, पांढऱ्या पडद्याकडे एकदा बघून घेतलं. "नशीब पोराचं. एक झाड तरी होतं."